दुसऱ्या हाकेनंतर

संध्याकाळी भिंतीपलीकडून कोणी तुमचं नाव घेऊन हाक मारली, तर तुम्ही पहिल्याच हाकेला ओ देता का? लगेच हो म्हणू नका. पटकीच्या दिवसांत तुमच्या घरात काय चालायचं ते आधी आठवा.

आमच्या घरातले थांबायचे. दिवेलागणीनंतर आलेली पहिली हाक मरीची, म्हणजे पटकीच्या देवीची असते, दुसरीही तिचीच असू शकते, पण तिला तिसऱ्यांदा हाक मारता येत नाही, असं सगळे धरून चालायचे. म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय तोंड उघडायचं नाही. हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. जसं चुलीला पाय लावू नये हे अंगात असतं, तसं हेही होतं.

आणि आमचं घर म्हणजे कसलं घर? देऊळघाटाच्या पलीकडे, बुलढाण्याच्या पठारावरच्या एका गावाबाहेरचं. बुद्धाचा धम्म घेतला त्या वर्षी बाबांनी देव्हारा उचलून नदीत सोडला होता. मेलेली ढोरं ओढणं बंद, गावकीची कामं बंद. बाबा सभेला गेले की पत्रकं आणायचे. पिवळी, गुलाबी, हिरवट कागदाची. वाचून झाली की आई खळ शिजवायची आणि बाबा ती भिंतीला चिकटवायचे. मी अक्षरं शिकले ती त्या भिंतीवर. शाळेत गेले तेव्हा मला ‘गवत’ आणि ‘कमळ’ यांच्या आधी ‘गुलामी’ वाचता येत होतं. संध्याकाळी वस्तीतले लोक अंगणात बसायचे आणि मी पत्रक मोठ्यानं वाचून दाखवायची. काय सोडायचं ते सगळं त्यात असायचं. हाकेचं मात्र कुठल्याच पत्रकात नव्हतं. ते ना देव होतं, ना सण, ना गावकीचं काम. ते आमच्याकडून सोडवून घ्यायला हवं हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

मराठी मुलखाचं नवं राज्य होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मी बुलढाण्याला मुलींच्या वसतिगृहात राहून मॅट्रिकचा अभ्यास करत होते. पटकीची बातमी आली आणि वसतिगृह बंद झालं. टोचायला आलेला आरोग्यसेवक सांगत होता, ही पटकी आपल्याच नाल्यातली नव्हे, ती समुद्रापलीकडून देशोदेशी फिरत आली आहे. मी पेटी घेऊन घरी आले. घरात थोरली बहीण होती. तिला मी बाई म्हणते. आईचा हात मोडला होता, म्हणून ती चार दिवसांसाठी सोनाळ्याहून माहेरी आली होती. तिची मुलगी पहिलीत होती. शाळा बुडू नये म्हणून तिला आजीजवळ ठेवून आली होती. आमच्या घराला शोभेलसा तो निर्णय होता. बाबांनी सगळ्या वस्तीला तो कौतुकानं सांगितला.

मग गावात दोन माणसं गेली, आणि गावाला गाडा आठवला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पटकी आली की लाकडाचा लहानसा गाडा करतात. त्यात मरीआई बसवतात, लिंबाचा पाला, हिरव्या बांगड्या, नारळ घालतात आणि तो पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडतात. मरी तिकडे जावी म्हणून. तो गाडा ओढायचं काम पिढ्यान् पिढ्या आमचं. या खेपेला गावचे चौघे आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“गाडा कवा नेता?” एकानं विचारलं.

“नेत नाई,” बाबा म्हणाले. “सुई टोचून घ्या अन् पानी उकळून प्या.”

“तुले लई अक्कल आली बे.”

“हाव. उशिरा आली.”

त्यांनी गाडा आपल्याच बैलांनी ओढून नेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावानं तो परत आमच्या गावच्या शिवेवर आणून ठेवला, वरून स्वतःच्या चार बांगड्या घालून. आम्ही हसलो. मी तर त्यावर पत्रकच लिहायला घेतलं. त्याच संध्याकाळी मला पहिली उलटी झाली.

बाभळीच्या काट्या पडल्या त्या रात्र व्हायच्या आत. आमच्या वस्तीतून गावाकडे आणि सडकेकडे जाणाऱ्या दोन्ही वाटांवर गावकऱ्यांनी माणसाच्या छातीइतक्या उंच काट्या रचल्या आणि पलीकडे काठ्या घेऊन माणसं बसवली. “बुलढान्याहून शिकून काय आनलं तुमच्या पोट्टीनं? पटकी आनली,” असं कोणीतरी पलीकडून ओरडलं, आणि त्यावर पाच-सहा जण हसल्याचं मला पडल्या पडल्या ऐकू आलं. मोटारी आमच्या फाट्यावर थांबेनाशा झाल्या. आमच्या विहिरीत लाल औषध टाकलेलं, तिचं पाणी तोंडात धरवत नव्हतं. पुरुषमाणसं काट्यांच्या कडेकडेनं उतरून नदीवर जायची आणि आणलेलं पाणी बायका उकळायच्या. जळण संपत आलं तशी छपराची पऱ्हाटी, कपाशीच्या वाळक्या काड्या, ओढायला सुरुवात झाली.

बाई रोज काट्यांपर्यंत जायची आणि परत यायची. “मले सोनाळ्याले जा लागते, पोट्टी वाट पाहून राह्यली असन,” असं ती पलीकडच्या राखणदाराला सांगायची. तो म्हणायचा, “जाय ना, उडून जाय.”

मी वाचले ते बाईमुळे. मीठ घातलेली भाताची पेज ती चमच्यानं माझ्या तोंडात सोडत राहिली. मी ओकायची, ती पुन्हा सोडायची. रडायची नाही, बोलायची नाही. तिच्या बोटांना पेजेचा वास असायचा. पुष्कळ दिवस मला झोपेतही तो वास यायचा.

आमच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये एकच मातीची भिंत. त्या भिंतीत एक कोनाडा होता, आणि कोनाड्याच्या पाठीत हात जाईल एवढं आरपार भोक. त्यातून विस्तव, मिरची, मीठ इकडून तिकडे व्हायचं. पलीकडे बाईच्याच वयाची वहिनी राहायची. तिचा नवरा खामगावला कामाला गेलेला होता, काट्यांमुळे त्याला परत येता येईना. बाई माहेरी आली की त्या दोघी कोनाड्याला तोंड लावून बोलत बसायच्या. “तुमच्या भिंतीले कान हायेत का तोंड?” असं आई म्हणायची.

मी सावरू लागले त्या संध्याकाळची गोष्ट. बाबा पाण्याला गेले होते. आई मोडका हात पोटाशी धरून चुलीपुढे बसली होती. बाई माझ्या उशाशी होती. नुकताच दिवा लावला होता. भिंतीपलीकडून वहिनीनं बाईला नावानं हाक मारली.

बाईनं मान वर केली आणि दाराकडे पाहिलं, मग आईकडे. आईनं बाईकडे पाहिलं.

थोड्या वेळानं पुन्हा हाक आली, पहिल्यापेक्षा हळू. मला वाटलं कोणी ओ का देत नाही, आणि माझ्याच तोंडून ‘ओ’ निघू लागला. माझा आवाज तेव्हा सुतासारखा. बाईनं तळहात माझ्या ओठांवर ठेवला.

“चूप. दुसरीच हाय,” ती पुटपुटली. “तिसरी आली का जाईन.”

आम्ही तिसरीची वाट पाहत बसलो. चुलीतलं लाकूड तडतडलं तरी बाई दचकायची. तिसरी हाक आली नाही. बाबा पाणी घेऊन आले, जेवणं झाली. मला झोप लागली.

सकाळी वहिनी कोनाड्याखाली सापडली. तिथपर्यंत ती सरपटत आली होती. जवळ तांब्या होता, रिकामा. दुपारी आरोग्यसेवक काट्या ओलांडून आला. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, “पोटात पाणी जात राहिलं असतं ना, तर...” आणि बाईच्या चेहऱ्याकडे लक्ष जाऊन तो थांबला. ते अर्धं वाक्य त्यानं पुरं केलं असतं तर बरं झालं असतं. ‘तर वाचली असती’ किंवा ‘तरीही गेली असती’. बाईला दोन्हींपैकी एकात राहता आलं असतं. आता ती दोन्हींत राहते.

वहिनीला मूठमाती देऊन लोक परतले. बाई ओसरीवर बसली होती. कुठेतरी विहिरीचं चाक करकरलं, आणि बाई म्हणाली, “ओ.”

आईनं विचारलं, “काय वं?”

बाई उठली, तांब्या भरला, कोनाड्यात ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

काट्या निघाल्या. मोटारी थांबू लागल्या. वर्तमानपत्रात किती टोचले, किती दगावले, किती गावं मोकळी झाली ते छापून आलं. बाबांनी मला ते वाचायला लावलं. मी वाचत होते, आणि आत बाई भिंतीशी उभी होती. तिला कोणत्या रकान्यात घातलं असेल? आमच्या वस्तीत एकही माणूस पूर्वीसारखा राहिला नव्हता. आई माठातलं पाणी तीन-तीनदा हुंगून मग ओतायची. एक धडधाकट माणूस दिवसाही दाराला कडी लावून बसायचा आणि बायकोला नखं दाखवून विचारायचा, निळी पडली का म्हणून. मी स्वतः आजही पेला उजेडात धरल्याशिवाय तोंडाला लावत नाही. पटकीतून उठलेल्या माणसाला बरा म्हणतात. कोणी विचारत नाही, बरा कशातून? आम्ही काट्यांच्या आत होतो तेव्हा निदान काट्या दिसत तरी होत्या.

बाई मोराच्या ओरडण्याला ओ द्यायची, मोटारीच्या भोंग्याला द्यायची, दाराच्या कडीला द्यायची. दिवेलागणीला तर दर घडीला. ओ दिला की तांब्या आणि कोनाडा. वहिनीच्या नवऱ्यानं खामगावहून येऊन आपल्या बाजूनं भोक लिंपून टाकलं, तरी बाई त्या आंधळ्या कोनाड्यात पाणी ठेवायची. नदीवर बायका म्हणायच्या, “ओ बाई, कोनाचं बोलावनं आलं वं आज?” आणि तोंडाला पदर लावायच्या. पोट्टे दाराशी येऊन तिला नावानं हाक मारायचे आणि पळायचे. ती प्रत्येकाला ओ द्यायची. एकाही हाकेवर ती चिडली नाही. मला चीड यायची ती त्याचीच.

बाबा तिला बुलढाण्याला एका डॉक्टरकडे घेऊन गेले. मीही गेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळे पाहिले. शक्तीचं औषध दिलं, हवापालट करा म्हणाले. चांगला माणूस होता, पैसे घेतले नाहीत. पण काय झालं होतं ते त्यांनी विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. सांगायला ते आमच्या घरात अजून कोणी उच्चारलंच नव्हतं.

आणि बाई सोनाळ्याला जाऊ शकत नव्हती. आधी काट्यांनी जाऊ दिलं नाही, आता या ‘ओ’नं. सोनाळ्यापर्यंत गोष्ट पोचली होती. भाऊजी तिला न्यायला आले ते एकटेच, मुलीला न घेता. पाणीसुद्धा न पिता ओसरीवर बसले आणि जमिनीकडे पाहत म्हणाले,

“मामा, आमची बुढी म्हन्ते, इले लागीर झालं. भगताकडून उतरवून आना, मंगच उंबरा ओलांडू देईन. पोरगी भेते म्हन्ते.”

बाबांचा आवाज चढला. “भगत? ह्या घरात?” त्यांनी भिंतीकडे हात केला. “हे वाचता येते ना तुमाले, पाव्हने?”

“मले येते, मामा. बुढीले नाई येत ना.”

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. बाई आतून बाहेर आली. डोक्यावर पदर नीट घेतला.

“बाबा, मले ने भगताकडं,” ती म्हणाली. “मिरच्याची धुरी घेईन. मारलं तं मार खाईन. पन मले माही पोट्टी पाहू दे.”

बाबा भिंतीकडे पाहत राहिले. ज्या माणसानं गाडा ओढायला नकार दिला, काट्या सोसल्या, त्याचे खांदे माझ्यासमोर उतरले. ते म्हणाले, “उद्या जाऊ.”

मी तेव्हा जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की आवाज पार गावापर्यंत गेला असेल. धम्म काय फक्त बळ असेपर्यंत पाळायचा? गावानं वाकवायचा प्रयत्न केला तेव्हा वाकलो नाही, आणि आता स्वतःहून तिला धुरीत बसवायची? भगत तिच्यातून काय काढणार? तिच्यात कोणी शिरलेलंच नाही. जे आहे ते तिचंच आहे.

“मंग काय करू?” बाबा म्हणाले. “सांग ना. तुह्या पत्रकात हाय का काई?”

नव्हतं. मी भाऊजींना म्हटलं, “भाऊजी, आजची संध्याकाळ थांबा. बाईनं ओ दिला की हसू नका, गप्प बसू नका. तिच्या मागं जा अन् विचारा, कोण बोलावते म्हणून.”

“एवढंच?”

“आम्ही तेवढंही केलं नाही.”

दिवा लावला. पलीकडच्या घराची कडी वाजली. बाई म्हणाली, “ओ,” आणि तांब्या भरू लागली. भाऊजी उठले. कोनाड्याशी जाऊन तिच्या बाजूला उभे राहिले. मोठा दणकट माणूस, पण आवाज घाबरलेला.

“कोन बोलावते वं तुले?”

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. तिनं वहिनीचं नाव घेतलं.

“काऊन बोलावते?”

“पानी मांगते. दोनदा हाक मारली तिनं. म्या तिसरीची वाट पाह्यली.”

मग तिनं सगळं सांगितलं, माझ्या तोंडावर ठेवलेल्या हातासकट. रडत नव्हती. एखाद्या दुसऱ्या गावची बातमी सांगावी तशी सांगत होती. संपलं तेव्हा चुलीपुढून आईचा आवाज आला.

“म्याबी आयकली होती.”

सगळे वळलो. आई भाकरीकडेच पाहत होती. हात बरा झालेला, पण तो तिनं पुन्हा पोटाशी धरला होता.

“दोन्ही आयकल्या. तू माह्याकडं पाह्यलं, अन् म्या डोळ्यानंच तुले बस म्हनलं. म्या सांगतलं असतं तं तू गेली असती.”

भाकरी जळत होती. कोणी ती उलटली नाही. बाई आईजवळ जाऊन बसली आणि पहिल्यांदा रडली. आईही. बाबा ओसरीवर उभे होते. ते आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत.

भाऊजी म्हणाले, “आमची बुढी बी अजून कडी लावते ना, तं तीनदा उठून पाह्यते. लागली का नाई, लागली का नाई. तिले कोन्या भगताकडं नेऊ मी?” मग पुन्हा म्हणाले, “सकाळच्या मोटारीनं जाऊ आमी.”

बाई गेली. घाट उतरून, नांदुऱ्याला मोटार बदलून, सोनाळ्याला. सासूनं दारात मीठ-मिरच्या ओवाळल्याच. “एवढं करू द्या तिले,” असं भाऊजींनी नंतर मला सांगितलं. मी दात आवळून ऐकलं. मुलगी आधी आईपासून लांब उभी राहिली, मग पाटी दाखवायला जवळ आली.

बरी झाली का, असं मला लोक विचारतात. नाही झाली. गेल्या उन्हाळ्यात मी सोनाळ्याला गेले होते. संध्याकाळी शेजारी कोणीतरी बादली आपटली आणि बाई म्हणाली, “ओ.” मुलीनं पुस्तकातून डोकं वर काढलं आणि अगदी सहज विचारलं, “कोन वं आई?” बाई जरा थांबली. “कोनी नाई,” म्हणाली आणि पुन्हा कणीक मळू लागली. एखाद्या दिवशी मात्र ती वहिनीचं नाव घेते. मग सासू करवादते, “चालली पानी घेऊन,” पण तांब्या तीच भरून देते. बाई तो दाराबाहेर ठेवते, आणि सकाळी मुलगी ते पाणी झाडाला घालते. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेच्या मधल्या जागेतून बाई अजून सुटलेली नाही. फक्त आता तिथे ती एकटी नाही.

पत्रकाच्या शेवटी काय करायचं ते सांगावं लागतं, हे मी त्या भिंतीवरच शिकले. तर सांगते. तुमच्या घरात, गल्लीत, वस्तीत त्या साथीनंतर कोणी विनाकारण ओ देत असेल, पाणी हुंगत असेल, नखं पाहत असेल, कडी तपासत असेल, तर त्याच्यावर हसू नका आणि त्याला भगताकडे ओढू नका. शेजारी जाऊन उभे राहा आणि विचारा, कोण बोलावते. उत्तर येईपर्यंत हलू नका. तुम्हीही ती हाक ऐकली असेल, तर तेही त्याला सांगा.

आणि आज दिवे लागले की कोणीही हाक मारू दे, पहिल्याच हाकेला ओ द्या. भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं द्या.